कॅन्सरच्या पेशी रक्तवाहिन्यांची नक्कल करतात, म्हणजे काय करतात? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॅस्क्युलोजेनिक मिमिक्री हा काय प्रकार आहे? आधी थोडक्यात सांगा.

रक्तवाहिनी म्हटली की तिच्या आतल्या बाजूला एंडोथेलियल पेशींचा पातळ थर आलाच. मेंदूतली असो की पायाच्या अंगठ्यातली, रक्त या थराला लागूनच वाहतं. काही आक्रमक कॅन्सरमध्ये मात्र अशा वाटा सापडतात की ज्यांत लाल रक्तपेशी आहेत, पण एंडोथेलियल पेशींचा पत्ता नाही. त्या वाटा कॅन्सरच्याच पेशींनी आखलेल्या असतात. रक्तवाहिनीच्या पेशींना बोलावणं न धाडता गाठ स्वतःच रक्तवाहिनीचं काम करू लागते. यालाच व्हॅस्क्युलोजेनिक मिमिक्री म्हणतात. पुढे सोयीसाठी आपण नुसतं ‘मिमिक्री’ म्हणू.

गाठ नव्या रक्तवाहिन्या उगवून घेते असं वाचलं होतं. तेच ना हे?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

तुम्ही वाचलं ते अँजिओजेनेसिस. बोस्टनचे सर्जन ज्युडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं की नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत, तर गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढू शकत नाही. त्याचं कारण साधं आहे. ऑक्सिजन केशवाहिनीतून बाहेर पडून ऊतींमध्ये झिरपतो, पण त्याची मजल 100 ते 200 मायक्रोमीटरपर्यंतच, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीइतकी. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. गुदमरलेली गाठ मग व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते, जवळच्या रक्तवाहिन्यांना कोंब फुटतात आणि ते गाठीत शिरतात. या नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, पण आतला थर एंडोथेलियल पेशींचाच असतो, रुग्णाच्या स्वतःच्या निरोगी पेशींचा.

मिमिक्रीत तो थर नाही. शेतात पाइपलाइन टाकणं वेगळं आणि मातीतच पाट काढणं वेगळं. पाणी दोन्हीकडून जातं, पण पाटाला पाइप नसतो. ज्या मातीतून पाणी जायचं तीच त्याची भिंत.

हे पहिल्यांदा डोळ्याच्या कॅन्सरमध्येच का सापडलं?

डोळ्याच्या आत, बुबुळाच्या मागच्या रंगीत पडद्यात होणारा एक मेलानोमा (रंगपेशींचा कॅन्सर) असतो, युव्हियल मेलानोमा. गोऱ्या लोकांमध्ये तो वर्षाला दर दहा लाखांत पाच-सहा जणांना होतो. आपल्याकडे त्याहून कितीतरी विरळा. (आपल्याकडे डोळ्याचा कॅन्सर म्हटला की डॉक्टरांच्या मनात आधी लहान मुलांचा रेटिनोब्लास्टोमा येतो.) या युव्हियल मेलानोमाची एक विचित्र सवय आहे. डोळ्यातली गाठ काढली, डोळा वाचला किंवा गेला, वर्षं उलटली आणि मग अचानक यकृतात कॅन्सर उगवतो. जवळपास निम्म्या रुग्णांच्या वाट्याला हे येतं. डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या जवळजवळ नसल्यामुळे तो पसरतो रक्तावाटेच. तेव्हा कोणाची गाठ पसरणार आणि कोणाची नाही, याचा सुगावा रक्तपुरवठ्यातच असणार, असा विचार करणं ओघाने आलं.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात रॉबर्ट फोल्बर्ग हे डोळ्यांचे पॅथॉलॉजिस्ट 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या स्लाइड काढून हेच तपासत होते. पीएएस नावाच्या रंगद्रव्याने रंगवल्यावर काही गाठींत किरमिजी रेषांची नक्षी दिसायची: कुठे कमानी, कुठे बंद वेटोळी, कुठे एकाला एक चिकटलेली तीन-तीन वेटोळी. ही वेटोळ्यांची जाळी ज्यांच्या गाठीत होती, ते रुग्ण कॅन्सर पसरून जास्त दगावले होते. सुरुवातीला सगळे धरून चालले की या रेषा म्हणजे रक्तवाहिन्याच.

मग अँड्र्यू मॅनियोटिस, फोल्बर्ग, मेरी हेन्ड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी त्यांत एंडोथेलियल पेशी शोधल्या, तर त्या सापडेनात. सप्टेंबर 1999 मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी’त त्यांचा शोधनिबंध आला आणि व्हॅस्क्युलोजेनिक मिमिक्री हे नाव रूढ झालं. त्यातला मला सर्वांत पटणारा भाग स्लाइडचा नाही, प्रयोगशाळेतला आहे. त्यांनी आक्रमक मेलानोमाच्या पेशी कोलॅजनच्या मऊ जेलीत वाढवल्या. त्या बशीत एंडोथेलियल पेशी नव्हत्या, रक्त नव्हतं, वाढीला चिथावणी देणारं बाहेरचं द्रव्यही नव्हतं. तरी त्या पेशींनी आपणहून नळ्यांची जाळी विणली. त्याच प्रकारच्या पण सौम्य, म्हणजे कमी आक्रमक कॅन्सरच्या गाठीतून घेतलेल्या पेशींना ते जमलं नाही.

पुढे आणखी एक गोष्ट दिसली. आक्रमक पेशींनी विणलेली जाळी तशीच ठेवून पेशी काढून टाकल्या आणि त्या जागी सौम्य पेशी सोडल्या, तर त्याही नळ्या करायला लागल्या. म्हणजे जाळीतच काही निरोप शिल्लक होता.

स्लाइडवर हे ओळखतात कसं?

दोन रंगांनी. गाठीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो त्या पॅराफिनच्या (मेणाच्या) ठोकळ्यातून साधारण चार मायक्रोमीटर जाडीचा काप घेतात. त्यावर आधी सीडी31 किंवा सीडी34 या एंडोथेलियल खुणांसाठी अँटिबॉडी लावतात. जिथे खरी रक्तवाहिनी असेल तिथे तपकिरी रेघ उमटते. मग त्याच कापावर पीएएस लावतात. त्याने पेशींभोवतीचं शर्करायुक्त आवरण किरमिजी होतं. खऱ्या वाहिनीला दोन्ही रंग येतात, मिमिक्रीला फक्त किरमिजी. ‘पीएएस होकारार्थी, सीडी31 नकारार्थी’ हे वाक्य या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक निबंधात भेटेल.

चांगला नमुना असला तर असं दिसतं: गडद, ओबडधोबड केंद्रकं असलेल्या कॅन्सर पेशींचा दाट घोळका, त्यातून जाणारी नाजूक किरमिजी कड, आणि कडेच्या आत सात-आठ मायक्रोमीटरच्या दोन-तीन लाल रक्तपेशी एकामागे एक. आजूबाजूला सडलेला भाग नाही, रक्तस्राव नाही. तपकिरीचा ठिपकाही नाही.

पण नमुना नेहमी इतका गुणी नसतो. काप करताना ऊती आकसते आणि फट पडते, त्या फटीत सांडलेलं रक्त साचतं आणि ते हुबेहूब वाहिनीसारखं दिसतं. अँटिबॉडी नीट लागली नाही तर खऱ्या वाहिनीलाही तपकिरी रंग येत नाही आणि तिची गणना मिमिक्रीत होते. मेलानोमात तर मेलॅनिन स्वतःच तपकिरी. म्हणून तिथे आधी मेलॅनिन ब्लीच करावं लागतं किंवा लाल रंगाचं रसायन वापरावं लागतं. शिवाय पीएएस फक्त रक्तमार्गच दाखवतं असं नाही, साध्या तंतुमय पडद्यांनाही ते रंगवतं. एकाच स्लाइडवर दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होणं म्हणूनच सोपं नसतं.

कॅन्सरच्या पेशीला हे जमतं तरी कसं?

कारण ती आपली ओळख विसरलेली असते. त्वचेतली रंगपेशी कॅन्सरग्रस्त होऊन खूप आक्रमक झाली की रंगपेशीची जनुकं मंदावतात आणि एरवी तिच्यात गप्प असायला हवीत अशी, भ्रूणावस्थेतली जनुकं बोलू लागतात. अशी पेशी काही प्रमाणात कोणतंही रूप घेऊ शकते.

यातला मुख्य मोहरा व्हीई-कॅडहेरिन. एंडोथेलियल पेशींना एकमेकींशी घट्ट बांधून ठेवणारं हे प्रथिन त्यांच्याच मालकीचं समजलं जायचं. 2001 मध्ये हेन्ड्रिक्स यांच्या गटाने दाखवलं की आक्रमक मेलानोमाच्या पेशींतही ते आहे, सौम्य पेशींत नाही. आणि ते बंद पाडलं तर नळ्यांची जाळी बनतच नाही. व्हीई-कॅडहेरिन ईपीएच-ए2 नावाच्या रिसेप्टरला पेशीच्या कडेवर योग्य जागी आणून ठेवतं. तिथून संदेश पीआय3-कायनेज या एन्झाइमकडे जातो आणि पुढे एमएमपी14 व एमएमपी2 ही कातरणारी एन्झाइम्स कामाला लागतात. ती लॅमिनिन-5 या आवरणातल्या प्रथिनाच्या एका साखळीचे तुकडे करतात. हे तुकडे भोवतालच्या पेशींना हलायला, रांग धरायला लावतात. मघाशी जाळीत निरोप शिल्लक होता म्हटलं, तो बहुधा याच तुकड्यांचा.

भ्रूणाशी असलेल्या नात्याचा एक प्रयोग डोळ्यांत भरण्यासारखा आहे. माणसाच्या आक्रमक मेलानोमाच्या पेशी झेब्राफिशच्या अगदी कोवळ्या भ्रूणात सोडल्या, तर काही भ्रूणांत दुसरा शरीर-अक्ष उगवायला लागला. जणू एका माशात दुसऱ्याची सुरुवात. त्यामागे नोडल हे प्रथिन निघालं. भ्रूणाला डावं-उजवं, पुढे-मागे ठरवून देणारं हे प्रथिन मोठ्या माणसाच्या निरोगी त्वचेत दिसत नाही. 2006 मध्ये हे प्रसिद्ध झालं. नोडल बंद केल्यावर मेलानोमाच्या पेशींची आक्रमकता आणि नक्कल करण्याची क्षमता दोन्ही उतरतात.

या सगळ्याला तोंड फोडणारी गोष्ट बहुतेक वेळा एकच: ऑक्सिजनची चणचण. ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ ही प्रथिनं पेशीत साचतात, आणि ती व्हीईजीएफबरोबरच मिमिक्रीची जनुकंही चालू करतात. अँजिओजेनेसिस आणि मिमिक्री या दोन्ही वाटा गुदमरण्यापासूनच सुरू होतात, हे लक्षात ठेवा. औषधांच्या प्रश्नात ते पुन्हा लागेल.

निरोगी शरीरात असं कधी होतं का?

होतं, आणि तुमच्या-माझ्या जन्माआधीच. वार (प्लॅसेंटा) तयार होताना गर्भाच्या बाजूच्या ट्रोफोब्लास्ट पेशी आईच्या गर्भाशयातल्या वळणदार धमन्यांत शिरतात, तिथल्या एंडोथेलियल पेशींना बाजूला सारतात आणि स्वतः त्यांचं रूप घेऊन धमनीचं अस्तर होतात. तेव्हा याच पेशींवर व्हीई-कॅडहेरिनही दिसू लागतं. धमन्या रुंदावतात आणि बाळाला भरपूर रक्त मिळतं. हे काम अर्धवट राहिलं तर प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा आजार होऊ शकतो. कॅन्सरने हे तंत्र नव्याने शोधलेलं नाही. आपल्याच जनुकांत ते आहे, फक्त तो भलत्या वेळी आणि भलत्या जागी ते बाहेर काढतो.

त्या वाटांतून खरोखर रक्त वाहतं का? की नुसतं स्लाइडवर दिसतं?

खरा वाद इथेच झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

मूळ निबंध येऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच त्याच नियतकालिकात डोनाल्ड मॅकडोनाल्ड, लान्स मन आणि राकेश जैन यांचा सडेतोड लेख आला. (जैन म्हणजे आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले आणि हार्वर्डमध्ये ट्यूमरच्या रक्तप्रवाहावर आयुष्यभर काम केलेले शास्त्रज्ञ.) त्यांचं म्हणणं असं: हे कितपत पटण्याजोगं आहे, कितपत नवं आहे आणि त्याला महत्त्व किती? वाटा दिसल्या, ठीक. पण त्या खऱ्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या आहेत का? किती रक्त त्यांतून जातं? गळक्या वाहिनीतून बाहेर सांडलेलं रक्त पेशींच्या फटींत साचलं तर तेही असंच दिसणार नाही का?

त्यानंतर पुरावे जमत गेले. उंदरांत वाढवलेल्या इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सरच्या एका गाठीत मध्यभागी एंडोथेलियल पेशी नव्हत्या, तरी तो भाग सडलेला नव्हता, आणि एमआरआयमध्ये तिथे प्रवाह दिसला. मेलानोमाच्या उंदरांत शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडून डॉप्लर केला, तेव्हाही या वाटांतून ते फिरताना आढळले. आणखी एका प्रयोगात उंदराच्या पायाचा रक्तपुरवठा तोडून तिथे मानवी मेलानोमाच्या पेशी टोचल्या. त्यांनी उंदराच्या एंडोथेलियल पेशींबरोबर मिश्र वाहिन्या बनवल्या आणि पायात पुन्हा रक्त खेळू लागलं. पुढे त्याच जागी मोठी गाठ आली, हेही सांगायला हवं. माणसांत म्हणाल तर युव्हियल मेलानोमाच्या रुग्णांच्या डोळ्यांत इंडोसायनिन ग्रीन हा रंग शिरेतून देऊन कॅमेऱ्याने पाहिलं गेलं, आणि नक्षीच्या काही भागांत तो रंग फिरताना दिसला. 2008 मध्ये ते छापून आलं.

माझं मत विचाराल तर: घटना खरी आहे, काही गाठींत तिच्यातून रक्त वा रक्तद्रव जातो हेही खरं. पण एखाद्या रुग्णाच्या गाठीला एकूण रक्तापैकी किती रक्त या मार्गाने मिळतं, हे मोजलेलं फार थोड्या ठिकाणी आहे. मॅकडोनाल्ड-जैन यांच्या तीन प्रश्नांपैकी तिसऱ्याचं उत्तर अजून अर्धंच मिळालं आहे.

एंडोथेलियल थर नाही, मग आत रक्त गोठत कसं नाही?

चांगला प्रश्न. एंडोथेलियल थर सोडून रक्ताने दुसऱ्या कशालाही स्पर्श केला की ते गोठायला लागतं. जखमेतून वाहणारं रक्त थांबतं ते त्यामुळेच. त्यातून कॅन्सर पेशींवर टिश्यू फॅक्टर भरपूर असतो, आणि तो तर गोठण्याची कळ दाबणारा. हिशेबाने या वाटा बनता बनता तुंबायला हव्यात.

तुंबत नाहीत, कारण पेशी उतारा सोबत ठेवतात. आक्रमक मेलानोमाच्या पेशी टीएफपीआय-1 हे टिश्यू फॅक्टरला रोखणारं प्रथिन बनवतात. 2015 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेलं काम आणखी पुढे गेलं. ग्रेगरी हॅनन यांच्या गटाने उंदराच्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींचे वेगवेगळे वंश करून त्यांना ओळखपट्ट्या लावल्या आणि कोणते वंश रक्तात उतरून फुप्फुसात पोचतात याचा माग काढला. जे वंश पोचत होते, त्यांत सर्पिन-ई2 आणि एसएलपीआय ही दोन प्रथिनं जास्त होती. दोन्ही रक्त न गोठू देणारी, आणि मिमिक्री घडवून आणायला दोन्ही लागतात. फुप्फुसात कॅन्सर परतलेल्या स्तन-कॅन्सरच्या रुग्णांच्या गाठींतही ती वाढलेली आढळली.

या कामाने एक समज बदलला. मिमिक्री म्हणजे भुकेल्या गाठीची फक्त खाण्याची सोय असं वाटायचं. ती बाहेर पडण्याची वाटही आहे. नेहमीच्या वाहिनीत शिरायला कॅन्सर पेशीला एंडोथेलियल थर ओलांडावा लागतो. इथे ती आधीच प्रवाहाच्या काठाला बसलेली असते.

मग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद कराव्यात का? किंवा सुरू?

दोन्ही नाही. कॅन्सरमध्ये पायातल्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका खरा आणि रोजचा आहे, आणि त्यासाठी दिलेली गोळी जीव वाचवते. उंदरांवरच्या प्रयोगावरून आपल्या गोळ्यांत बदल करू नका. शंका असेल तर ऑन्कॉलॉजिस्टना विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

कोणकोणत्या कॅन्सरमध्ये हे आढळलं आहे?

मेलानोमा, स्तन, अंडाशय, प्रोस्टेट, यकृत, जठर, आतडं, फुप्फुस, मेंदूतला ग्लायोब्लास्टोमा, हाडांचे सार्कोमा, तोंडाचा कॅन्सर. यादी लांबत चालली आहे. सगळ्या ठिकाणी पुरावा सारख्या वजनाचा नाही. मेलानोमात तो भक्कम आहे. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये मँचेस्टरच्या गटाने 2016 मध्ये चांगलं काम केलं: रुग्णांच्या रक्तात फिरणाऱ्या कॅन्सर पेशी उंदरांत वाढवून त्यांत व्हीई-कॅडहेरिन आणि मिमिक्री दोन्ही दाखवली. इतर बऱ्याच ठिकाणी फक्त दोन रंगांच्या स्लाइडवर भिस्त आहे, आणि तिच्या अडचणी वर सांगितल्याच.

रिपोर्टमध्ये मिमिक्री असेल तर रुग्णाला धोका जास्त का?

सरासरी पाहिली तर हो. 2013 मध्ये 22 अभ्यास आणि तीन हजारांवर रुग्ण एकत्र घेऊन केलेल्या विश्लेषणात मिमिक्री असलेल्या गटात पाच वर्षं जगलेल्यांचं प्रमाण 31 टक्के निघालं, नसलेल्या गटात 56 टक्के. फरक मोठा आहे. पण हे आकडे पंधराएक प्रकारच्या कॅन्सरची गोळाबेरीज आहेत, आणि मिमिक्री मुळातच जास्त वाढलेल्या, वाईट दर्जाच्या गाठींत जास्त दिसते. त्यामुळे ती मरणाचं कारण किती आणि आधीच बिघडलेल्या गाठीची खूण किती, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. एखाद्या माणसाचं भविष्य तर त्यावरून मुळीच सांगता येत नाही.

अवास्टिनसारख्या औषधांनी कॅन्सर संपला नाही, तो यामुळेच का?

काही अंशी. ‘यामुळेच’ म्हणणं जास्तीचं होईल.

फोकमन यांच्या कल्पनेतून जी औषधं निघाली, त्यांतलं सर्वांत नावाजलेलं बेव्हॅसिझुमॅब, म्हणजे अवास्टिन. ते व्हीईजीएफला पकडून निकामी करतं. फेब्रुवारी 2004 मध्ये अमेरिकेत आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती मिळाली, तिच्यात किमोथेरपीसोबत हे औषध दिल्यावर रुग्णांचं मध्यम आयुर्मान 15.6 महिन्यांवरून 20.3 महिन्यांवर गेलं. पावणेपाच महिने ही रुग्णाच्या घरच्यांसाठी क्षुल्लक गोष्ट नाही. पण ‘रक्तपुरवठा तोडला की गाठ मेली’ ही जी आशा होती, तिच्यापुढे हे फारच थोडं होतं. स्तनाच्या कॅन्सरसाठी दिलेली मान्यता तर नोव्हेंबर 2011 मध्ये काढूनच घेतली गेली, कारण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही.

आता वरचा ऑक्सिजनचा मुद्दा आठवा. औषधाने एंडोथेलियल वाहिन्या आटल्या की गाठ गुदमरते, एचआयएफ वाढतं, आणि ज्या पेशींत नक्कल करण्याची कुवत आहे त्या त्या मार्गाला लागतात. उंदरांवर सुनिटिनिब (व्हीईजीएफचा संदेश अडवणारं आणखी एक औषध) आणि बेव्हॅसिझुमॅब देऊन हे पाहिलं गेलं आहे. प्रयोगशाळेत तर 2004 मध्येच दिसलं होतं की अँजिनेक्स, टीएनपी-470 आणि एंडोस्टॅटिन ही अँजिओजेनेसिसविरोधी द्रव्यं एंडोथेलियल पेशींच्या नळ्या मोडतात, पण मेलानोमाच्या पेशींनी केलेल्या नळ्यांना धक्का लावत नाहीत. ज्या पेशीवर निशाणा होता, ती पेशी तिथे नव्हतीच.

तरी सगळं खापर मिमिक्रीवर फोडू नका. गाठ व्हीईजीएफऐवजी एफजीएफसारखी दुसरी प्रथिनं वापरू लागते. काही गाठी तर नवी वाहिनी करतच नाहीत. यकृत, फुप्फुस किंवा मेंदूतल्या आधीच्या निरोगी वाहिन्यांना वेढून वाढतात. त्याला व्हेसल को-ऑप्शन म्हणतात, आणि माझ्या मते औषधांच्या अपयशात त्याचा वाटा मिमिक्रीपेक्षा कमी नाही. त्याची चर्चा कमी होते, कारण नक्कल करणारी पेशी बातमीला जास्त आकर्षक.

ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी चक्क रक्तवाहिनीच्या पेशी बनतात असं ऐकलं. तीही मिमिक्रीच?

नाही. 2010 मध्ये ‘नेचर’मध्ये दोन गटांनी दाखवलं की या गाठीतल्या स्टेमसेलसारख्या पेशींपासून एंडोथेलियल पेशी तयार होऊ शकतात. तिथे पेशी एंडोथेलियल खुणा धारण करते. मिमिक्रीत सीडी31 येत नाही. पेशी कॅन्सरचीच राहते आणि वाहिनीचं काम करते. आणखी एक प्रकार मोझेक वाहिन्यांचा: एंडोथेलियल थर असतो, पण मधेमधे फट पडून कॅन्सर पेशी उघड्या पडलेल्या असतात. प्रत्यक्ष गाठीत हे सगळे प्रकार शेजारी शेजारी नांदतात, आणि एकातून दुसरा कुठे सुरू होतो हे सांगणं अवघड जातं.

मिमिक्रीवर औषध आहे का?

फक्त मिमिक्रीसाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध आज नाही. तैवानमध्ये विकसित झालेलं सीव्हीएम-1118 हे मिमिक्री रोखण्याच्या उद्देशाने पुढे आणलेलं औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आहे. बाकी व्हीई-कॅडहेरिन, ईपीएच-ए2, नोडल, एमएमपी अशा प्रत्येक कडीवर प्रयोगशाळेत कोणी ना कोणी घाव घालून पाहिला आहे. अडचण अशी की व्हीई-कॅडहेरिन बंद केलं तर निरोगी वाहिन्यांचे सांधेही सुटतील. एमएमपी रोखणारी औषधं 1990 च्या दशकात कॅन्सरवर वापरून झाली; सांधेदुखीने रुग्ण हैराण झाले आणि फायदा दिसला नाही. नोडल त्या मानाने बरं लक्ष्य वाटतं, कारण मोठ्या माणसाच्या निरोगी ऊतींत ते फारसं नसतं.

हळदीतलं कर्क्युमिन मिमिक्री थांबवतं अशी पोस्ट आली होती.

बशीतल्या पेशींवर थांबवतं, असे निबंध आहेत. पण बशीत जेवढं कर्क्युमिन ओततात तेवढं हळद खाऊन रक्तात पोचत नाही. आतड्यातून ते फारच थोडं शोषलं जातं आणि यकृत त्याचा चटकन निकाल लावतं. भाजीत हळद घाला, त्याने काही बिघडत नाही. किमो चालू असताना कॅप्सूल मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका, काही औषधांशी त्याचं जमत नाही.

आणि ‘अमुक पदार्थाने मिमिक्री थांबते’ असं कुठेही वाचलंत, तर प्रयोग कसा केला तेवढं बघा. बहुतेक वेळा पेशी मॅट्रिजेलवर (पेशी वाढवायच्या प्रथिनांच्या जेलीवर) टाकून काही तासांत उठणाऱ्या रेषा मोजलेल्या असतात. मॅट्रिजेलवर बऱ्याच पेशी रांगा करतात. त्या रांगा आतून पोकळ आहेत का, त्यांतून द्रव जातो का, हे तपासलेलंच नसतं. खरी पोकळ नळी बनायला दिवस लागतात, तास नाही. या एका चाळणीने निम्म्याहून जास्त बातम्या गळतील असा माझा अंदाज.

आईच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये याचा उल्लेख नाही. वेगळी टेस्ट करून घ्यावी का?

नको. ही तपासणी नेहमीच्या रिपोर्टचा भाग नाही, मुंबईत नाही आणि परदेशातही नाही. तिच्या निकालावरून आज कोणतंही औषध बदलत नाही, आणि ती कशी मोजायची यावर सर्वमान्य नियमही नाहीत. कोणी पैसे घेऊन करून देतो म्हणालं तर आधी विचारा, निकाल आला की उपचारात काय बदलणार?

त्यापेक्षा ज्याने उपचार ठरतो ते रिपोर्टमध्ये आहे का ते बघा. स्तनाचा कॅन्सर असेल तर ईआर, पीआर आणि हर-2. आतड्याचा असेल तर एमएसआय आणि रास. फुप्फुसाचा असेल तर ईजीएफआर, एएलके. रिपोर्टमध्ये ‘लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन’ अशी ओळ असेल, तर ती मिमिक्री नव्हे. कॅन्सर पेशी नेहमीच्या रक्त किंवा लसिकावाहिनीत शिरलेल्या दिसल्या, एवढाच तिचा अर्थ. आणि पॅराफिन ब्लॉक व स्लाइड लॅबकडून मागून घ्या, रिपोर्टच्या फाइलीबरोबर ठेवा, ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डिकीत राहू देऊ नका. दुसरं मत घ्यायला टाटाला किंवा आणखी कुठे जाल, तेव्हा सगळ्यात आधी तेच मागतील.